सावलीतली भिंत

चुना आदल्या दिवशीच भिजत घातला होता. सकाळी पिंपाचं झाकण काढलं तेव्हा तो निवून शांत झाला होता. बर्फकाकाने त्यात काठी फिरवली, वर उचलून धार पाहिली आणि म्हणाला, "झाला बघा सायीसारखा. भिजवला की चुनासुद्धा निवतो. आमचा दादाच तेवढा कितीही भिजला तरी गरम."

कप्तान पायरीवर बसून कुंचल्याला नवी सुतळी गुंडाळत होता. त्याने वर पाहिलं नाही. धाकट्या भावाची थट्टा तो वाऱ्यासारखी अंगावरून जाऊ देत असे. वाऱ्याशी भांडून बोट पुढे जात नाही, हे त्याला इतरांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

मासेमारीचा हंगाम तोंडावर आला की घरची माणसं भिंतीसाठी जमायची, हा या घराचा जुना शिरस्ता. आत्या सासरच्या बंदरावरून पहिल्या गाडीने आली होती आणि आल्या आल्या पदर खोचून तिने खालचा पट्टा ओढूनही टाकला होता. बर्फकाकाने आपला बर्फाचा कारखाना कामगारांवर सोपवला होता. आणि बऱ्याच वर्षांनी या वेळी पाणबुडीही होती. कप्तानाची ही लेक लहानपणी पाण्यात शिरली की हाका मारून घशाला कोरड पडेपर्यंत वर येत नसे, म्हणून काकाने ठेवलेलं ते नाव. आता तिचं कामच ते झालं होतं. समुद्राच्या तळाशी जायचं, मासे मोजायचे आणि वर येऊन माणसांना सांगायचं की कमी होताहेत.

कप्तानाचा मुलगा, ज्याला सगळे सुकाणू म्हणत, तेवढा नव्हता. सुकाणूने पहाटेच बोट बाहेर काढली होती, इंजिन तपासायला म्हणून. त्यामुळे आई बोलत नव्हती.

आईचं हे व्रत लग्नाच्या पहिल्या वर्षातलं. एकदा बोट वेळेवर परतली नाही, तेव्हा तिने देवाला शब्द दिला होता, ती सुखरूप येऊ दे, बोट पाण्यावर असेल तोवर माझ्या तोंडून वाईट शब्द जाणार नाही. पुढे वाईट कुठला आणि चांगला कुठला हे निवडत बसण्यापेक्षा तिने सगळेच शब्द ठेवून दिले. बोट सुटली की ती गप्प, दोर धक्क्याच्या खुंटाला पडला की बोलती. घराला त्याची सवय झाली होती. तिच्या भांड्यांच्या आवाजावरून मुलांना कळायचं की आई रागावली आहे, का हसते आहे, का नुसती वाट पाहते आहे.

आज भांडी अगदी हळू वाजत होती.

*

पाणबुडी शिडीवर होती. वरची बाजू तिने स्वतःहून मागून घेतली होती. काम करताना तिला गुणगुणायची सवय होती आणि आज तर तिला गुणगुणायला कारणही होतं. उद्या बंदर कार्यालयात बैठक होती. नकाशावरच्या चौकोनाला मंजुरी मिळाली की विणीच्या दिवसांत त्या पाण्यात कुणी जाळं टाकणार नव्हतं, कुणी गळ सोडणार नव्हतं. मोठे खडकमासे वर्षातून एकदाच, अंडी घालायला एका खडकावर जमतात. सगळ्या समुद्रातून येतात आणि एका जागी उभे राहतात. जी जागा त्यांच्या जन्माची, तीच त्यांना पकडायला सगळ्यांत सोपी. एवढी साधी गोष्ट लोकांना सांगता सांगता तिची मोहीम कितीतरी धक्के फिरली होती.

सुरुवातीला माणसं हसली होती. "मासे मोजणारी आली. काय गं, कच्चे मोजतेस की शिजवून?" मग एका संध्याकाळी भरल्या सभेत बाबा उठून उभे राहिले. ते सभांमध्ये बोलत नसत. ते म्हणाले, "माझी बोट त्या पाण्यात जाणार नाही." एवढंच. आणि बसले. त्यांच्या मागोमाग एकेक बोटवाला उठत गेला. त्या दिवशी घरी येताना ती गल्लीच्या वळणावर थांबून रडली होती. बापाने मुलीसाठी एवढं मोठं दान टाकावं, हे तिला पेलवत नव्हतं.

तिने खाली वाकून भिंतीला बोट लावून पाहिलं. "काका, आत्याने पहिला पट्टा ओढला तो अजून ओलाच आहे."

"मग वाळेल कसा?" बर्फकाकाने शिडी धरल्या धरल्या उत्तर दिलं. "ऊन कुठंय इथं? बारा महिने सावली. कारखान्यातली बर्फाची लादी आणून इथे टेकवली ना, तर संध्याकाळपर्यंत तिला घाम फुटायचा नाही."

"मग हिला चुना कशाला लावतो आपण?"

"उन्हा..." काका म्हणाला. सवयीने. आणि मध्येच थांबला.

पाणबुडी खाली बघत राहिली. लहानपणी तिने हाच प्रश्न विचारला होता आणि हेच उत्तर मिळालं होतं. घर गार राहावं म्हणून, उन्हासाठी. बाकीच्या तिन्ही भिंती ऊन खाऊन खाऊन मातकट झाल्या होत्या. त्यांना कधी कुणी हात लावला नव्हता. आणि जिला ऊन माहीत नाही, तिला दर हंगामाआधी सगळं घर मिळून पांढरं करत होतं. इतकी वर्षं हे तिच्या लक्षात आलं नव्हतं, कारण घरातल्या गोष्टी माणूस बघत नाही, त्यांत राहतो.

ती शिडीवरच वळली. समोर सगळा समुद्र उघडा होता. मान मागे टाकली तर छपराच्या वर, टेकडीवर, दीपस्तंभ. उजव्या हाताला टेकडीची खाच, आणि खाचेत बरोबर उभी असलेली जुन्या कारखान्याची चिमणी. पाण्यात उतरायची जागा ती रोज अशीच शोधायची. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एकावर एक आणायच्या, ही तिच्या कामाची बाराखडी. दीपस्तंभाच्या खाली पांढरी भिंत. खाचेत चिमणी. जिथे या दोन रेषा एकमेकींना कापतील, तिथे काहीतरी होतं.

तिच्या नकाशावरच्या चौकोनापासून ते बरंच लांब होतं.

ती खाली उतरली. कुंचला तिने पिंपावर नीट आडवा ठेवला, एवढं तिला नंतरही आठवत राहिलं.

*

कप्तान या प्रश्नाची वाट पाहत होता असं म्हटलं तर ते खोटं ठरणार नाही. ज्या दिवशी तो सभेत उठला, त्या दिवसापासून त्याला नीट झोप नव्हती. टाळ्या पडल्या तेव्हा त्याला वाटलं होतं, कुणीतरी आपल्याला ओल्या अंगाने बाजारात उभं केलं आहे.

"बाबा, ही भिंत कुठून दिसते?"

"समुद्रावरून."

"समुद्र मोठा आहे."

त्याने सुतळीला गाठ मारली, दाताने ओढून घट्ट केली. "खूण सुकाणूवाल्यालाच सांगतात. माझ्या बापाने मला सांगितली, मी तुझ्या भावाला. दुसऱ्या कुणाला नाही. यंत्रातसुद्धा साठवली नाही आम्ही. यंत्रात गेली की बंदरभर झाली."

"मी तुम्हाला खूण विचारलीच नव्हती. मी विचारलं होतं, खडकमासे विणीला कुठे येतात. तुम्ही सांगितलंत, चिमणी आणि धक्क्याचं टोक."

"चिमणी खरी आहे."

"आणि धक्क्याचं टोक?"

आतून बशी ठेवल्याचा बारीकसा आवाज आला आणि थांबला.

"मी तिथे खाली गेलेय, बाबा. कितीदा तरी." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "खडक आहे तिथे. चांगला आहे. पण विणीच्या दिवसांत गेले तरी मोठा मासा एकही नाही. मला वाटलं, आपण उशीर केला. मला वाटलं, संपले. मी त्या माशांसाठी रडले आहे. आणि तुम्ही समोर बसून मला म्हणालात, रडू नकोस, येतील."

"येतील हे खरंच होतं," कप्तान म्हणाला, आणि बोलल्यावर त्याला स्वतःचीच शरम वाटली.

आत्या हात पुसत जवळ आली होती. "थांब जरा. म्हणजे ही माशांची खूण?" तिने भावाकडे पाहिलं. "दादा, मी परकर नेसत होते तेव्हापासून ही भिंत रंगवतेय. हिला निदान उन्हाचं तरी सांगितलंत. मला तेही नाही. मला नुसता कुंचला दिलात. मी आपली मनाशी समजून चालले होते, बोटीला परतीची वाट सापडावी म्हणून असेल. सासरहून दर वर्षी येत होते ती त्या श्रद्धेने."

"ताई, अगं सगळेच तसं करतात," बर्फकाका मध्ये पडला. "खरी जागा सांगणारा मच्छीमार आणि खरं वय सांगणारी तू, मी दोघांनाही अजून पाहिलेलं नाही."

"तू गप्प बस. तुला माहीत होतं ना?"

"भिंत खूण आहे एवढं माहीत होतं. कशाची ते नाही. मी सुकाणू कधी धरलं? मला बोटीवर ओकाऱ्या व्हायच्या म्हणून तर बाबांनी बर्फात घातलं."

"मग यांच्या बाजूने बोलू नकोस. पोरीला फसवलं तुम्ही सगळ्यांनी मिळून." आत्याने पुतणीच्या खांद्यावर चुन्याचा हात ठेवला. पाच बोटं उमटली.

"उद्या बैठकीत मी सांगणार आहे," पाणबुडी म्हणाली. "नकाशा चुकलाय म्हणून."

खांद्यावरचा हात तसाच राहिला, पण त्यातलं वजन गेलं. "चारचौघांत?" आत्याने विचारलं.

"मग कुठे सांगू?"

"चारचौघांत बापाला खोटं पाडणार? हे बघ, चुकलं त्याचं. घरात बोल, हवं तेवढं बोल, मी आहे तुझ्याबरोबर. पण घरची गोष्ट चव्हाट्यावर न्यायची म्हणजे... उद्यापासून माझ्या सासरीसुद्धा विचारतील मला."

"आणि खोटा नकाशा मंजूर करून घेऊ? रिकाम्या खडकावर पहारा बसवू आपण?"

"यंदा राहू दे. पुढल्या वर्षी हळूच सरकव तो चौकोन."

"आत्या, तो चौकोन आहे. टेबल नाही."

बर्फकाका हसला, पण लगेच गंभीर झाला. "तू सांगितलंस तर काय होईल ते आधी बघ. बोटवाले कुणाच्या तोंडाकडे बघून उठले होते? दादाच्या. उद्या त्यांना कळलं की कप्तानाने आपलं पाणी झाकून ठेवलं आणि दुसरंच पाणी सोडलं, तर ते काय म्हणतील? आम्हाला मूर्ख बनवलं. मग तुझी मोहीम राहील का? धक्क्यावर तुला उभं तरी करतील का?"

हे पाणबुडीच्याही मनात आलं होतं. बापाच्या ज्या शब्दावर तिचं सगळं काम उभं होतं, तोच शब्द पोकळ निघाला होता. गप्प राहिली तर मासे जाणार. बोलली तर मोहीम जाणार, आणि तिच्यामागून मासेही. ती पिंपाच्या काठावर टेकली. चुन्याचा गार वास तिला नाकात झोंबला.

"मी माझ्यासाठी राखलं नाही," कप्तान म्हणाला. "माझे दिवस संपत आले. पोरासाठी राखलं. सगळं पाणी आटत चाललंय, एवढी एक जागा त्याच्या हातात राहावी. बापाने मला दिली, तशी मी त्याला. यात माझा काय गुन्हा आहे, मला सांगा."

बर्फकाकाने घसा खाकरला. तो शिडीला टेकून उभा होता, आणि आता त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

"दादा, एक सांगू? रागावू नकोस. बंदरात आलेला प्रत्येक मासा माझ्या बर्फावरून पुढे जातो. पूर्वी तुझ्या बोटीचा खडकमासा आला की पेटीत तिरका ठेवायला लागायचा. तरी शेपूट बाहेर. झाकण बसायचं नाही, मी शेपटीवर वेगळा बर्फ थापायचो. आठवतंय?"

"आठवतंय."

"आता ओळीने बसतात. शाळेतल्या पोरांसारखे. आणि मी दुसऱ्यांच्या बोटींचं बोलत नाहीये. तुझ्याच बोटीचं बोलतोय. त्याच खडकावरचे. तू पोराला देणार म्हणतोस ते नक्की काय आहे? पेटी तीच आहे, दादा. आतलं माप बदललंय."

"तू कुणाच्या बाजूने आहेस?" आत्याने चिडून विचारलं. "मघाशी याच्या होतास."

"मी बर्फाच्या बाजूने आहे. मासा नसेल तर बर्फ म्हणजे नुसतं पाणी."

कप्तान उठला. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या मळक्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. जे त्याने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही, ते तो भिंतीला सांगावं तसं म्हणाला.

"विणीच्या दिवसांत खडकमासे घुमतात. इंजिन बंद करून बोटीच्या तळाला कान लावला की ऐकू येतं. लांब कुठंतरी मोठ्या माणसाने पोटातून हुंकार द्यावा तसं. बाबांबरोबर पहिल्यांदा गेलो तेव्हा लाकूड थरथरत होतं. मी घाबरलो. बाबा म्हणाले, घाबरू नकोस, घर भरलंय." तो थांबला. "गेल्या हंगामात मी कान लावला. किती वेळ लावून पडलो होतो. एक हुंकार आला. मग बराच वेळ काही नाही. पोराला म्हटलं, लाटा फार आहेत, ऐकू येत नाहीये."

*

गप्प राहणाऱ्या माणसाला घर सगळं सांगतं. आई दारात उभी होती आणि हुंकाराची गोष्ट ऐकून तिला नवल वाटलं नाही. गेल्या हंगामात नवरा परत आला तेव्हा त्याच्या डाव्या कानाला तळाच्या तेलाचा काळा डाग होता. धुता धुता तिच्या लक्षात आलं होतं की हा माणूस फार वेळ काहीतरी ऐकायचा प्रयत्न करत होता. तिने विचारलं नव्हतं. त्याने सांगितलं नव्हतं. संसारात काही प्रश्न देवाजवळ ठेवायचे असतात, तो वेळ बघून उत्तर पाठवतो.

आता तिने मान उचलली. सगळ्यांच्या आधी तिलाच ऐकू आलं होतं. बोटीचं इंजिन.

धक्का घरापासून हाकेच्या अंतरावर होता. ती दारातूनच बघत राहिली. बोट लागली. सुकाणूने दोर फेकला, तो खुंटाला पडला. तिने डोळे मिटून हात जोडले. पण बोलली नाही. ज्या शब्दांची गरज नाही ते आधी बोलून टाकायची तिची पद्धत नव्हती.

सुकाणू वर आला तो डिझेलच्या वासासकट, रिकाम्या हातांनी. पाणबुडीपेक्षा तो लहान, पण तिला ताई म्हणून हाक त्याने कधी मारली नव्हती. त्याने सगळ्यांचे चेहरे पाहिले, मग भिंत पाहिली.

"अर्धीच? काय झालं? आत्या रुसली का?"

"तिला कळलंय," कप्तान म्हणाला. "खुणेचं."

सुकाणूने बहिणीकडे पाहिलं, आणि त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. "बरं झालं. मला आता ते तोंडात धरवत नव्हतं. पाणबुडे, तू नकाशा दाखवायला आलीस ना त्या रात्री मी जेवलोच नाही. आईला विचार."

आईने मान हलवली.

"बाबा, इंजिन ठीक आहे. पण मी नुसतं इंजिन तपासलं नाही. खुणेवर गेलो होतो." तो पायरीवर बसला. "इंजिन बंद केलं, तळाला कान लावला. आलेत."

"आलेत?" कप्तानाचा आवाज चिरका निघाला.

"थोडे आहेत. थांबून थांबून घुमताहेत. पण आहेत." तो हातांकडे बघत बोलत होता. "मग मी गळ सोडला. सवयीने. हात आपोआप सोडतो. लगेच मादी लागली. वर घेतली तर केवढी, काका, तुमच्या पेटीत तिरकीसुद्धा मावली नसती. पोट गच्च भरलेलं. तिचा डोळा माझ्याकडे होता. मला वाटलं, घरातल्याच बाळंतिणीला मी अंथरुणावरून ओढून काढतोय."

त्याने हात गुडघ्यांवर पुसले.

"सोडली," तो म्हणाला. "पाणबुडे, तू दाखवलं होतंस तसं. नुसती सोडली असती तर पोटातल्या हवेने तरंगत राहिली असती. दोरीला वजन लावून खोल नेली, मग झटका दिला. दोर हलका झाला. गेली खाली."

पाणबुडीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती हसत होती की रडत होती, हे तिलाही सांगता आलं नसतं.

"तुझ्यासाठी राखलं होतं रे मी ते," कप्तान हळूच म्हणाला.

"माहीत आहे, बाबा. पण राखलेलं ते काय, रोज थोडं थोडं खातच होतो की आपण."

आत्याने नाक ओढलं. बर्फकाका आकाशाकडे बघू लागला. आणि मग आई बोलली. सकाळपासूनचा तिचा पहिला शब्द, त्यामुळे सगळे आपसूक वळले.

"चुना पुरे," आई म्हणाली. "बोटीच्या तळाला लावलेला लाल रंग उरलाय ना? तो आणा."

"वहिनी, लाल कशाला?" आत्याने विचारलं.

"पांढरी भिंत ज्याला माहीत आहे त्यालाच दिसते. मधोमध लाल पट्टा ओढा, चांगला रुंद. तो सगळ्या बंदराला दिसेल. पट्टा दीपस्तंभाखाली आला आणि चिमणी खाचेत आली, की इथे माशांचं बाळंतघर आहे, जाळं वर घ्या. नकाशा सगळ्यांना वाचता येतो असं नाही. भिंत येते."

"पण आई, उद्या बैठकीत..." पाणबुडी म्हणाली. "बाबांना खोटं पाडल्यासारखं होईल."

"कुणाला पाडायचं नाही." आईने नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, सभेत काय बोलला होतात तुम्ही? माझी बोट त्या पाण्यात जाणार नाही. शब्द दिलाय. शब्द चांगला आहे. त्याला फक्त खरं पाणी दाखवायचं राहिलंय. तेवढं दाखवा."

कप्तानाने पायरीवरचा कुंचला उचलला. मग म्हणाला, "कार्यालयात नको. खुर्चीवर बसून मला नाही सांगता येणार. कार्यालयाला निरोप धाडा, उद्याची बैठक बोटीवर. सगळ्या बोटवाल्यांना घेऊन मी खुणेवर जातो. इंजिन बंद करतो. म्हणेन, मी तुम्हाला चुकीचं पाणी सांगितलं होतं. आता एकेकाने तळाला कान लावा."

"शिव्या देतील, दादा," बर्फकाका म्हणाला.

"देऊ देत. दोन शिव्या ऐकेन, मग त्यांना तो हुंकार ऐकवेन. एवढं ऐकूनही ज्याला जाळं टाकायचं असेल तो टाकेल. पण मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत टाकावं लागेल."

"मी बर्फ देणार नाही त्याला," काका म्हणाला. "कोमट मासा घेऊन फिरू दे बाजारात."

सुकाणूने रंगाचा डबा आणला. कप्तान शिडीकडे निघाला, तर आत्याने त्याच्या हातातून कुंचला काढून घेतला.

"गुडघ्याने कुठे चढतोस? आणि इतकी वर्षं मी न विचारता रंगवली. आज पहिल्यांदा मला माहीत आहे कशासाठी रंगवतेय. मी चढणार. तू शिडी धर रे," ती बर्फकाकाला म्हणाली, "आणि हलवलीस तर डबा तुझ्या डोक्यावर."

पट्टा अर्ध्यावर आला तेव्हा कप्तानाने पाणबुडीला हाक मारली. "चल. पाण्यावरून बघून येऊ, दिसतो का ते."

ती धक्क्यापर्यंत त्याच्या मागोमाग गेली, सुकाणूही निघाला. बोटीत पाय टाकून नेहमीसारखी पुढच्या टोकाला जायला निघाली, तर तो म्हणाला, "तिकडे नाही." त्याने सुकाणूचा दांडा तिच्याकडे वळवला. "खूण सुकाणूवाल्यालाच सांगतात. धर."

तिचा भाऊ पुढच्या टोकाला जाऊन बसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला नेतंय अशा ऐटीत त्याने पाय पसरले.

आई दारात उभी राहून आत्याला सांगत होती, "डाव्या बाजूला जरा जास्त ओढ, तिथे पोपडा निघालाय, आणि वरती..." बोटीचा दोर खुंटावरून सुटला. आईचं वाक्य तिथेच थांबलं.

आत्या शिडीवरून हसली. "बघ रे, वहिनी मिटली."

बोट लहान होत गेली. ओला लाल पट्टा सावलीतही चमकत होता. आत्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत माखले होते. बर्फकाकाने शिडी धरली होती आणि एक शब्दही थट्टेचा बोलला नव्हता. तिघंही समुद्राकडे तोंड करून उभी होती. बोट ठिपक्याएवढी झाली. मग ठिपकाही दिसेनासा झाला.

आणि मग पाण्यावरून भोंगा आला. अगदी बारीक. थांबून पुन्हा एकदा.

"दिसली खूण," बर्फकाका म्हणाला. "दिसली त्यांना."

"वहिनी," आत्याने शिडीवरूनच विचारलं, "किती लांबून दिसली असेल गं?"

आई बोलू शकत नव्हती. तिने दोन्ही हात पसरले, पुरतील तेवढे, आणि तेवढ्याने पुरेना म्हणून टाचा उचलल्या.